सगळ्यांच्या लाडक्या चित्रपटाचं समीक्षकांनी काय केलं?

९ मार्च १९४५. पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटून साडेसहा महिने झाले होते. युद्ध मात्र अजून संपलेलं नव्हतं. विजेचा आणि कोळशाचा तुटवडा होता, खाण्यापिण्याचे हाल चालूच होते. त्या रात्री पाले द शायोच्या भव्य प्रेक्षागृहात मार्सेल कार्ने यांच्या 'ले झांफां द्यू पारादी' या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. लांबी सुमारे तीन तास दहा मिनिटं. काळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, जागा पॅरिसमधली नाटकवाल्यांची वस्ती. लेखक जाक प्रेव्हेर. पुढे मादलेन या चित्रपटगृहात तो ५४ आठवडे चालला.

आता दुसरी तारीख घेऊ. १९५२ साली 'साइट अँड साउंड' या चित्रपटांवरच्या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांना जगातले सर्वोत्तम चित्रपट विचारले. त्या पहिल्या यादीत कार्ने यांचा चित्रपट होता, पण हा नव्हे. १९३९ मधला, दीड तासाच्या आसपासचा 'ल जूर स लेव्ह' सातव्या क्रमांकावर विभागून आला. पॅरिसने ज्याला वर्षभर डोक्यावर घेतलं, तो मोठा चित्रपट पहिल्या दहांत नव्हता. १९५४ नंतर तरुण फ्रेंच समीक्षकांनी कार्ने यांचं नावच मोडीत काढायला घेतलं. आणि १९७९ मध्ये फ्रान्सच्या चित्रपट अकादमीने याच चित्रपटाला बोलपटांच्या इतिहासातला सर्वोत्तम फ्रेंच चित्रपट ठरवलं. १९९५ मध्ये सहाशे समीक्षक आणि व्यावसायिकांच्या कौलातही तोच पहिला आला.

गाजला, घसरला, पुन्हा गाजला, हा प्रवास बऱ्याच कलाकृतींच्या वाट्याला येतो. मला या प्रकरणात वेगळं दिसतं ते असं, की हा चित्रपट पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा लाडका होता. त्यामुळे 'हा मी शोधला' असं म्हणायची संधी त्याने एकाही समीक्षकाला ठेवली नाही. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं याच एका अडचणीतून आलेलं आहे असं माझं मत आहे.

चित्रपटात आहे काय

पॅरिसमधल्या बूलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याला लोक 'गुन्ह्यांचा बूलव्हार' म्हणत. तिथल्या नाटकघरांत दर रात्री रंगमंचावर खून, दरोडे आणि विषप्रयोग होत, म्हणून हे नाव. १८६२ मध्ये ओस्मान या प्रशासकाने केलेल्या शहराच्या फेररचनेत ती नाटकघरं जमीनदोस्त झाली. चित्रपटातली फ्युनांब्युल ही मूकनाट्याची जागा खरी होती. तिथला मूकनट बातिस्त द्युब्युरो खरा होता, नट फ्रेदेरिक ल्मेत्र खरा होता आणि १८३६ मध्ये ज्याचा शिरच्छेद झाला तो लेखक-खुनी लास्नेरही खरा होता. या खऱ्या माणसांच्या मधोमध प्रेव्हेरने गारान्स नावाची काल्पनिक स्त्री उभी केली. तिच्यावर चौघांचं प्रेम आहे: बातिस्त, फ्रेदेरिक, लास्नेर आणि काउंट द माँत्रे. चौघांच्या प्रेमाची जात वेगळी आहे. बातिस्तवर जीव लावून बसलेली नाताली पाचवी.

ही कल्पना निघाली नीसमध्ये. जाँ-लुई बारो हा नट कार्ने आणि प्रेव्हेर यांना भेटला, तेव्हा त्याने द्युब्युरोचा एक किस्सा सांगितला. रस्त्यात छळणाऱ्या एका पोराला द्युब्युरोने काठी मारली, पोरगा मेला, खटला उभा राहिला. रंगमंचावर कधीच न बोलणारा हा माणूस कोर्टात बोलणार, म्हणून सगळं पॅरिस लोटलं. गंमत अशी की हा खून चित्रपटात नाहीच. पण आवाज आणि शांतता यांच्यातला तो ताण सबंध चित्रपटभर आहे.

सुरुवातीचाच एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. फ्युनांब्युलच्या बाहेर फळ्यांचा मंच घातलेला. आत या, तिकीट काढा म्हणून नट ओरडताहेत. बातिस्त पांढऱ्या झग्यात, पांढऱ्या तोंडाने एका पिंपावर ढिम्म बसलाय. त्याचा बाप लोकांसमोर त्याची टर उडवतोय. खाली गर्दीत एका जाडजूड शेठजीचं घड्याळ जातं. ते लास्नेरने मारलेलं आहे, पण शेजारी गारान्स उभी असते आणि शिपाई तिला धरतो. कोणी साक्षीदार आहे का, असं विचारल्यावर वरून बातिस्त म्हणतो, मी पाहिलंय. आणि मग एक शब्दही न बोलता तो सगळी घटना करून दाखवतो. आधी गारान्सची डौलदार आकृती हातांनी हवेत काढतो. मग शेठजीचं पोट, त्याचा रुबाब, तिच्याकडे हळूच सरकणं. मग चोराच्या मिशा, सराईत बोटं, खिशातून अलगद वर येणारं घड्याळ. शेवटी घड्याळ गेल्यावरचा शेठजीचा चेहरा. गर्दी हसून लोटपोट होते, शिपायाचा हात सुटतो, गारान्स जाता जाता बातिस्तकडे गुलाबाचं फूल फेकते.

तीनेक मिनिटांत काय काय झालं पाहा. नायकाची ओळख झाली, प्रेम जुळलं, खलनायक निसटला, समाजातली वरची पायरी आणि खालची पायरी दिसली. आणि कला म्हणजे साक्ष, हा विचार कोणाच्याही तोंडी न घालता सांगून झाला. 'लांबलचक' हा शिक्का ज्या चित्रपटावर बसला, त्याची ही काटकसर आहे.

शीर्षकाचा अर्थ 'पारादीची मुलं', आणि 'पारादी' म्हणजे नाटकघराचा सर्वांत वरचा, सर्वांत स्वस्त सज्जा. आपल्याकडच्या पिटातल्या प्रेक्षकांसारखेच हे वरचे लोक: खिशात पैसा नाही, पण नाटक पडणार की तरणार हे त्यांच्या आरोळीवर ठरतं. फ्युनांब्युलचा मालक वर बोट दाखवून अभिमानाने सांगतो, माझा प्रेक्षक गरीब आहे, पण सोन्यासारखा आहे. रसिकांचा कौल कोणाचा मानायचा, हा प्रश्न चित्रपटाने स्वतःच पटावर मांडलेला आहे. म्हणून त्याच्या समीक्षेची कथा वाचताना मला ती चित्रपटाचाच पुढचा अंक असल्यासारखी वाटते.

लांबी आली कुठून

युद्धकाळात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने चित्रपटांच्या लांबीवर मर्यादा घातली होती, साधारण दीड तासाची. कथा तेवढ्यात बसणारी नव्हती. वाट अशी काढली की कागदोपत्री दोन चित्रपट: पहिला 'गुन्ह्यांचा बूलव्हार' आणि दुसरा 'पांढरा माणूस'. दोन्ही भागांच्या मधे काही वर्षं जातात. पहिल्या भागात बातिस्त नवखा आहे. दुसऱ्यात तो पॅरिसचा लाडका नट आहे, नातालीशी लग्न झालंय, लहान मुलगा आहे आणि काउंटबरोबर परदेशी गेलेली गारान्स परत येऊन रोज रात्री चेहरा झाकून बॉक्समध्ये बसते.

ऑगस्ट १९४३ मध्ये नीसच्या व्हिक्तोरीन स्टुडिओत चित्रण सुरू झालं. सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि सगळं विस्कटलं. निर्मितीत इटालियन भागीदार होते, ते गेले. निर्माते आंद्रे पोल्व्हे यांना जर्मनांनी काम करायला बंदी केली. मग पाते कंपनीने चित्रपट हाती घेतला. मधे कित्येक महिने काम बंद. नेपथ्यकार अलेक्सांद्र त्रोनेर आणि संगीतकार जोझेफ कोस्मा हे दोघेही हंगेरियन ज्यू, दोघेही लपून काम करत होते. दुसऱ्यांनी त्यांच्या कामाला आपली नावं दिली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पुढे या दोघांचं सहकार्य 'भूमिगत राहून' झालं, अशी नोंद आली.

मित्रसैन्य फ्रान्समध्ये उतरल्यावर कार्ने यांनी मुद्दाम काम रेंगाळत ठेवलं. चित्रपट मुक्त फ्रान्समध्येच दिसावा, ही इच्छा. तो तयार झाल्यावर वितरकांना तो दोन भागांत, दोनदा तिकीट काढायला लावून दाखवणं सोयीचं होतं. कार्ने अडून बसले. दोन्ही भाग एकाच खेळात, जागा आधी राखून ठेवता येतील अशी सोय आणि हे सगळं मान्य करून घेण्यासाठी तिकीट ऐंशी फ्रँक, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. आज आपण ज्याला दिग्दर्शकाचा हट्ट म्हणू, त्यामागे साधं व्यवहारज्ञान होतं: दुसरा भाग एकटा पाहिला तर त्यातली निम्मी दुःखं कळतच नाहीत.

पहिली दाद

१९४५ चं स्वागत समजून घ्यायचं तर त्या प्रेक्षागृहात कोण बसलं होतं हे ध्यानात ठेवावं लागतं. चार वर्षं ज्यांनी मान खाली घालून काढली, त्यांच्यासमोर एवढा मोठा, एवढा देखणा, पूर्णपणे फ्रेंच चित्रपट उभा राहिला. आमची कला मेली नाही, हे सांगणारा पुरावाच तो. गारान्सची मोकळी वृत्ती, मी कोणाची मालमत्ता नाही हे तिचं शांतपणे सांगणं, यात अनेकांना व्यापलेल्या पण न वाकलेल्या फ्रान्सची प्रतिमा दिसली. ही व्याख्या आजही पुस्तकांतून फिरते. मला ती अर्धीच पटते. गारान्स चित्रपटात जशी आहे तशी पाहिली, तर ती काउंटच्या घरात राहायला जाते, सोय स्वीकारते आणि त्याची किंमत मोजते. ती राष्ट्रमाता नाही, म्हणूनच जिवंत आहे.

शिवाय गारान्सची भूमिका करणारी आर्लेत्ती त्या पहिल्या खेळाला हजर नव्हती. एका जर्मन अधिकाऱ्याशी असलेल्या संबंधांवरून तिला मुक्तीनंतर अटक झाली होती आणि त्या वेळी ती पॅरिसबाहेर नजरकैदेत होती. जुन्या कपड्यांचा व्यापारी जेरिको ही भूमिका आधी रॉबेर ल व्हिगाँ करत होता. तो नाझींचा उघड समर्थक, मुक्तीच्या आधी जर्मनीला पळाला. त्याची दृश्यं पिएर रनुआरला घेऊन पुन्हा चित्रित झाली. म्हणजे ज्या चित्रपटाकडे प्रतिकाराचं स्मारक म्हणून पाहिलं गेलं, त्याच्याच पडद्यामागे लपलेले ज्यू कलावंतही होते आणि शत्रूशी जवळीक केलेले नटही होते. त्या वर्षीच्या जल्लोषात या गुंत्याकडे फारसं पाहिलं गेलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे.

नाराजीचे सूर तेव्हाही होते. फार लांब आहे, फार साहित्यिक आहे, सगळं इतकं घडीव आहे की आत थंडी वाजते, दुसरा भाग पहिल्याच्या तोलाचा नाही. हे चार आक्षेप लक्षात ठेवू, कारण पुढच्या दशकांत नवे आक्षेप फारसे आलेच नाहीत. हेच चार फिरून फिरून आले, फक्त म्हणणारा माणूस आणि त्याचा हेतू बदलत गेला.

अटलांटिकपलीकडे चित्रपट कापून गेला. फ्रेंचांचं 'गॉन विथ द विंड' अशी त्याची जाहिरात झाली. अशी तुलना एकदा झाली की प्रेक्षक आगीच्या ज्वाळा आणि रणांगण शोधायला लागतो आणि इथे तर मोठा दंगा एवढाच, की मूकनट गर्दीत हरवतो. तरी पटकथेसाठी प्रेव्हेरला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्या काळात परभाषिक चित्रपटाच्या वाट्याला हे क्वचितच यायचं.

उतार

१९४६ मध्ये कार्ने आणि प्रेव्हेर यांचा पुढचा चित्रपट आला, 'ले पोर्त द ला न्यूई'. समकालीन पॅरिसची गोष्ट, तरीही स्टुडिओत उभारलेलं अवाढव्य मेट्रो स्टेशन. लोकांनी पाठ फिरवली, समीक्षकांनी झोडपलं. शेजारच्या इटलीत कॅमेरे रस्त्यावर उतरले होते, खऱ्या भिंती आणि खरी माणसं दिसत होती. त्या उजेडात त्रोनेरचा देखणा नकली रस्ता एकदम जुनाट वाटायला लागला. एका पडलेल्या चित्रपटाने त्याच्या आधीच्या यशाकडे बघायची नजरही बदलली: हे दोघे पहिल्यापासून असेच कृत्रिम होते, असं मागे वळून म्हणता येऊ लागलं.

मग जानेवारी १९५४. 'काइए द्यू सिनेमा' या फ्रेंच चित्रपट-मासिकाच्या ३१ व्या अंकात फ्रांस्वा त्रुफो या विशीतल्या तरुणाचा लेख आला. 'दर्जेदार' म्हणून मिरवणाऱ्या फ्रेंच चित्रपटांवर त्याने तुटून हल्ला केला. हे चित्रपट पटकथाकारांचे आहेत, दिग्दर्शक फक्त चित्रं लावतो, असा त्याचा मुख्य आरोप. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती बऱ्याचदा चुकीची सांगितली जाते. त्या लेखाचं मुख्य लक्ष्य ओराँश आणि बोस्त ही पटकथाकारांची जोडी होती, कार्ने नव्हे. युद्धापूर्वीच्या काव्यात्म वास्तववादाला, म्हणजे कार्ने आणि प्रेव्हेर ज्यातले त्या प्रवाहाला, त्रुफोने वेगळं काढलं होतं. पण वारा सुटल्यावर तो कोणाकोणाच्या घरात शिरतो हे लेखकाच्या हातात राहत नाही. नंतरच्या वर्षांत त्रुफोने स्वतःही कार्नेवर थेट लिहिलं. प्रेव्हेरचे चित्रपट कार्नेने फक्त दृश्यरूपात आणले, असा त्या लिखाणाचा रोख होता. मग ते वाक्य इतक्या जणांच्या तोंडी बसलं की चित्रपट पुन्हा पाहायची गरज कोणाला उरली नाही.

याच काळात दुसऱ्या एका चित्रपटाचं काय झालं ते शेजारी ठेवून पाहू. जाँ रनुआर यांचा 'ला रेग्ल द्यू ज्यू' १९३९ मध्ये प्रेक्षकांनी हुर्यो करून पाडला. कापला गेला, युद्धात बंदी आली, मूळ प्रत नष्ट झाली. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी तुकडे जमवून तो पुन्हा उभा केला गेला. १९५२ च्या यादीत तो दहावा होता, १९६२ मध्ये तिसरा. कार्ने यांचा 'ल जूर स लेव्ह' त्या दुसऱ्या यादीतून गळाला.

'ला रेग्ल' महान चित्रपट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या दोन नशिबांतला फरक केवळ गुणवत्तेचा आहे, हे मला मान्य नाही. रनुआरचा चित्रपट अनाथ होता. ज्याने त्याला जवळ केलं, तो समीक्षक मोठा झाला. पूर्वीची पिढी आंधळी होती, आम्ही डोळस आहोत, हे त्याच्याकडे बोट दाखवून सिद्ध करता येत होतं. कार्नेच्या चित्रपटाबाबत हे शक्यच नव्हतं. त्याला आई-वडिलांच्या पिढीने वर्षभर रांगा लावून पाहिलं होतं. दुप्पट तिकीट काढून पाहिलं होतं. तरुण समीक्षकाने त्याची स्तुती करावी, तर तो बापाचीच री ओढणार. म्हणून त्याच्यासमोर दोनच वाटा होत्या, विरोध करायचा किंवा गप्प बसायचं. बहुतेकांनी या दोन्ही वाटा आलटून पालटून वापरल्या.

आक्षेपांचं काय करायचं

तरीही आक्षेप त्यांच्या हेतूवरून फेटाळता येत नाहीत. ते चित्रपटावर तपासायलाच हवेत.

घडीव आहे, नाटकी आहे, या आरोपाला माझ्याकडे सर्वांत कमी सहानुभूती आहे. चित्रपट पडदा वर जाऊन सुरू होतो आणि पडदा खाली येऊन संपतो. तो नाटकाबद्दल आहे आणि हे तो पहिल्याच क्षणी सांगतो. आंद्रे बाझाँसारख्या, याच तरुणांना गुरुस्थानी असलेल्या समीक्षकाने १९५१ मध्येच नाटक आणि चित्रपट यांच्या नात्यावर दीर्घ लेखन करून नाटकाला पडद्यावर लाजायचं कारण नाही असं मांडलं होतं. ती मोजपट्टी इथे लावली असती तर हा आक्षेप टिकला नसता.

साहित्यिक आहे, हा आरोप जास्त गंभीर. प्रेव्हेरची माणसं फार छान बोलतात, हे खरंच आहे. लास्नेरचं प्रत्येक वाक्य धार लावून आलेलं असतं आणि काही वेळा ती धार चकाकण्यापलीकडे काही करत नाही. पण या शब्दांच्या गर्दीच्या मधोमध मूकनट उभा आहे, हे विसरून चालणार नाही. शब्दांचा बादशहा फ्रेदेरिक एका बाजूला आणि शब्दांवाचून बोलणारा बातिस्त दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणीच आहे. गारान्सचं प्रेम कोणाकडे झुकतं ते आपण पाहतो. साहित्यिक चित्रपटाने साहित्याला दिलेला हा कौल आहे.

आता चित्रपट कोणाचा? प्रेव्हेरचा की कार्नेचा? इथे मला तुर्की हमामातला प्रसंग आठवतो. लास्नेर काउंटला मारायला येतो. बरोबर त्याचा साथीदार आव्रिल. लास्नेर आत सरकतो आणि कॅमेरा त्याच्या मागे जातच नाही. तो थांबतो आव्रिलच्या चेहऱ्यावर. खून आपल्याला दिसत नाही. दिसतो तो एका दांडगट माणसाचा हळूहळू विस्फारत जाणारा, घाबरलेला चेहरा. नंतर काउंटचा लोंबता हात. जन्मभर लेखक म्हणून प्रेक्षकाची वाट पाहणाऱ्या लास्नेरला त्याच्या शेवटच्या कृतीसाठी एकच प्रेक्षक मिळाला आणि आपण त्या प्रेक्षकाकडे पाहत बसतो. कॅमेरा कोणावर थांबवायचा हे ठरवणं दिग्दर्शकाचं काम आहे. कार्नेने फक्त चित्रं लावली म्हणणाऱ्यांनी या एका जागेचं उत्तर द्यायला हवं होतं.

दुसरा भाग कमी पडतो, या तक्रारीशी मात्र मी बराचसा सहमत आहे. फ्रेदेरिक आणि त्याचे नाटककार यांचा तमाशा बहारदार आहे: लेखकांचं भिकार नाटक तो रंगमंचावरच उधळून त्याचं विनोदी नाटक करतो, प्रेक्षक खूश, लेखक द्वंद्वयुद्धाला उभे. पण त्यानंतर काउंटच्या दिवाणखान्यातल्या आणि नाटकघराच्या जिन्यावरच्या चकमकी एकाच पट्टीत चालतात. जेरिको दर वेळी येऊन नशिबाची घंटा वाजवून जातो, तेही जास्त होतं. नातालीवर तर लेखकाने अन्यायच केला आहे असं मला वाटतं. मारिया काझारेसचा हा पहिलाच चित्रपट आणि शेवटी दारात उभी राहून ती नवऱ्याला जे विचारते, त्यात इतकी सच्चाई आहे की आधीच्या तीन तासांत तिला एवढीच जागा का दिली, हा प्रश्न पडतो. म्हणजे कापायचंच तर कुठे कापता येईल हे मला दिसतं आणि वाढवायचं कुठे हेही दिसतं. पण अमेरिकेतल्यासारखी सरसकट छाटणी केली की पहिल्या भागातलं गुलाबाचं फूल आणि दुसऱ्या भागातला बंद बॉक्स यांच्यातलं अंतर जातं. तीन तास बसल्याशिवाय ती वर्षं उलटल्याचं अंगावर येत नाही.

पुन्हा गादीवर

१९७९ च्या सन्मानापर्यंत 'नव्या लाटे'तले तरुण, म्हणजे त्रुफोसारखे पुढे दिग्दर्शक झालेले समीक्षक, स्वतःच प्रस्थापित झाले होते. भांडण जुनं झालं होतं. १९८४ मध्ये रोमिई-स्युर-सेन या गावात एका चित्रपटगृहाच्या कार्यक्रमाला कार्ने आणि त्रुफो एकत्र आले. तेव्हा त्रुफो म्हणाले की मी तेवीस चित्रपट केले, पण 'ले झांफां द्यू पारादी' माझा असता तर ते सगळे देऊन टाकले असते. ही गोष्ट कार्नेच पुढे मोठ्या समाधानाने सांगत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्रुफो गेले. हे वाक्य आज जिथे तिथे समेटाचा पुरावा म्हणून दिलं जातं. मला त्यातून एवढंच दिसतं की त्रुफोला चित्रपट नेहमीच आवडत असावा. तीस वर्षांपूर्वी ते लिहिणं त्याला परवडणारं नव्हतं.

गादीवर बसवण्यातही तोटा झाला. कौतुकाचं ओझं चित्रपटाऐवजी त्याच्या जन्मकथेवर गेलं. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २००२ मध्ये लिहिताना सुरुवातच अशी केली की या चित्रपटाची प्रत्येक चर्चा तो तयार होण्याच्या चमत्कारापासून सुरू होते. खरं आहे ते. उपाशी एक्स्ट्रांनी मेजवानीच्या दृश्यातलं अन्न पळवलं, प्रतिकार चळवळीतले लोक आणि सरकारचे हस्तक एकाच गर्दीत शेजारी शेजारी उभे होते, हे किस्से इतके रंगतात की त्यापुढे पडद्यावरच्या बातिस्तकडे पाहायला वेळ राहत नाही. मीही वर तेच केलं आहे, कारण ते टाळून या चित्रपटाची लांबीसुद्धा समजावता येत नाही.

चांगली गोष्ट ही की १९८० नंतर अभ्यासकांनी वेगळे प्रश्न विचारायला सुरुवात केली. एडवर्ड बॅरन टर्क या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये कार्ने यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुरुषत्वाच्या ठरीव कल्पनांशी बातिस्त कसा जुळत नाही, कार्ने यांच्या समलैंगिक असण्याचा त्यांच्या चित्रपटांतल्या इच्छा आणि ताटातुटीशी काय संबंध लागतो, याकडे लक्ष वेधलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी या चित्रपटात काहीतरी खरोखर शोधलं होतं. सगळ्यांनी पाहिलेल्या चित्रपटातही शोधायला जागा होती, ती 'हा महान की नाही' या भांडणात झाकली गेली होती.

२०११ मध्ये पातेने चित्रपटाची मूळ निगेटिव्हपासून डिजिटल दुरुस्ती करून घेतली आणि २०१२ मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयामध्ये त्याच्यावर मोठं प्रदर्शन भरलं. नवी प्रत पाहून दाद देणारे होते तसे चिडणारेही होते. ओरखडे घालवताना फिल्मचा दाणा, म्हणजे तिचा मूळचा खरखरीत पोतही पुसला गेला, चेहरे गुळगुळीत झाले, अशी तक्रार डिस्कचं परीक्षण करणाऱ्यांनी केली. तक्रार रास्त आहे. रॉजे युबेर या छायाचित्रकाराने आर्लेत्तीच्या डोळ्यांवर प्रकाशाची पट्टी ठेवून बाकी चेहरा सावलीत सोडला आहे, त्या सावलीला पोत हवा. लांबीवर, लेखकावर, पिढ्यांवर इतकी वर्षं वाद घातल्यावर आता समीक्षक एका चेहऱ्यावरच्या सावलीवर भांडताहेत, आणि त्या भांडणासाठी त्यांना चित्रपट प्रसंगागणिक थांबवून पाहावा लागतो आहे.